दाढेचा ठणका आणि १९२७ साल

१/८
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. अवघ्या नऊ दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. अस्सल साधन हाती आल्यावाचून आख्यायिकेवर विसंबू नये, ही राजवाड्यांची शिकवण. ती दाढेच्या दुखण्यालाही लागू पडते.

२/८
त्याच १९२७ साली थॉमस लुइस यांचा त्वचेतील रक्तवाहिन्यांवरील ग्रंथ निघाला. ओरखड्याभोवती त्वचा लाल होते, फुगते. त्याअर्थी हिस्टामिनसारखे द्रव्य तेथे सुटत असावे, हे त्यांचे अनुमान. हेन्री डेल आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ताज्या यकृतातून व फुफ्फुसातून हिस्टामिन वेगळे काढले. अनुमानाला पुराव्याचे बळ मिळाले.

३/८
हिस्टामिन ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जोडले जाते ते एकाच प्रकारचे नाहीत. ॲलर्जी आवरणारी जुनी औषधे जठरातील आम्ल रोखू शकत नव्हती. या अपयशाचाच माग काढत १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या गटाने एच-२ ग्राही सिद्ध केला. एच-१ व एच-२ हे दोन्ही रक्तवाहिन्या सैल करू शकतात.

४/८
आता दात. ज्याला लोक ‘दाताची नस’ म्हणतात, तो मऊ गर चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. रक्ताची ये-जा मुख्यतः मुळाच्या टोकाकडील बारीक छिद्रांतून. यावरून एक सुबक कथा रूढ झाली : सूज आली, दाब वाढला, वाहिन्या दबल्या, गर गुदमरून मेला.

५/८
कथा पटणारी होती. मोजमाप मात्र वेगळे निघाले. १९८३ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी मांजरांच्या दातांत अतिसूक्ष्म काचनळ्यांनी दाब मोजला. दाब सुजलेल्या जागीच वाढला होता. थोड्याच अंतरावरचा गर जवळजवळ पूर्ववत होता.

६/८
कुत्र्यांवरील प्रयोगांत आणखी एक गाठ उकलली. वाहिन्या रुंदावणारे द्रव्य रक्तातून दिले असता शेजारच्या ऊतींनीच रक्त ओढून घेतले आणि गरातील प्रवाह उलट घटला. म्हणून ‘हिस्टामिन आले, प्रवाह वाढला’ हे सरळसोट विधानही अपुरे ठरते. शिवाय दाहात ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांचाही हात असतो. ॲलर्जीची गोळी दाढेचा ठणका शमवत नाही, याचे एक कारण हेच.

७/८
जुनी कथा निरुपद्रवी नाही. जळगाव-धुळ्याच्या गावांत दाढ ठणकली की आधी लवंग, मग मिश्री, आणि शेवटी ‘काढूनच टाका’. नस एकदा दुखली म्हणजे मेलीच, असे गृहीत धरले तर हा क्रम शहाणपणाचा वाटतो. पण दाह आधी एका कोपऱ्यात असतो. थंड पाण्याची कळ क्षणभर येऊन जाते, त्या टप्प्यावर कीड काढली तर बहुधा गर वाचतो. ठणका रात्रभर टिकू लागला तरी रूट कॅनालने दात राखता येतो.

८/८
राजवाड्यांनी बखरी टाकून दिल्या नाहीत. त्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. गुदमरणाऱ्या नसेची कथा ही वैद्यकातील एक बखरच आहे. धुळ्याच्या मंडळाचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशात तरी तिच्या भरवशावर दाढ उपटली जाऊ नये.