कडी-कोयंडा

वृत्तपत्रांतील घरफोडीची बातमी वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघते. चोरटे अज्ञात असतात, घर बंद असते, कडी-कोयंडा 'उचकटलेला' असतो आणि ऐवज 'लंपास' झालेला असतो. 'उचकटणे' हे क्रियापद मराठीत आता याच एका कामापुरते उरले आहे, असे आम्ही पूर्वी गमतीने म्हणत असू. गेल्या मे महिन्यात चार दिवस कोकणात राहून पुण्याला परतलो, तेव्हा त्या वाक्यातले घर आमचे होते.

कुलूप शाबूत होते. सात लिव्हरचे, भरभक्कम, चांगले पैसे मोजून आणलेले ते कुलूप कोयंड्यात अडकलेल्या अवस्थेतच जमिनीवर पडले होते. चोराने त्याला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी आलेल्या सुताराने चौकटीतून निघालेले स्क्रू तळहातावर घेऊन दाखवले. जेमतेम अर्ध्या इंचाचे. "साहेब, कुलूप हत्तीचं आणि खुंटा बकरीचा," एवढेच तो म्हणाला. आम्ही आयुष्यभर कुलपे बदलत आलो होतो. ती ज्या लाकडावर विसंबून होती, त्याकडे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

पंचनामा झाला, ठसे घेतले गेले, भारतीय न्याय संहितेच्या कलमांखाली तक्रार नोंदली गेली. गेलेल्या पाटल्यांचे वजन किती, असे हवालदारांनी विचारले. त्या आजीच्या होत्या, कधी वजन केले नव्हते, पावती असण्याचा प्रश्नच नव्हता. मग पुढचा प्रश्न आला, "घरी कामाला कोण येतं?" आणि पाटल्यांच्या वजनाशी अडखळलेले आम्ही या प्रश्नाला क्षणाचाही विलंब न लावता नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांकासह उत्तर देते झालो.

मावशी अकरा वर्षे आमच्याकडे येतात. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्या कनवटीला असे. किल्ली ज्याच्याजवळ आहे, तो कडी-कोयंडा कशाला उचकटेल, हा साधा प्रश्न त्या क्षणी पोलिसांना पडला नाही आणि (हे लिहिताना बोटे अडखळतात) आम्हालाही पडला नाही. त्यांना चौकीवर बोलावले गेले. तीन तास बाकावर बसवून ठेवून सोडून दिले. त्या दिवसाची त्यांची इतर चार घरांची कामे बुडाली.

या काळात आम्हाला वारंवार 'मृच्छकटिक' आठवत राहिले. मराठी रसिकांना शूद्रकाचे हे नाटक देवलांच्या संगीत रूपामुळे अधिक परिचित आहे. त्याच्या तिसऱ्या अंकातील घरफोडी भारतीय साहित्यातील बहुधा सर्वांत देखणी घरफोडी असावी. शर्विलक नावाचा विद्यासंपन्न ब्राह्मण चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. भगदाडाचा आकार कोणता असावा, याचा शास्त्रोक्त विचार करून तो पूर्णकुंभाची निवड करतो आणि मापाची दोरी विसरल्यामुळे गळ्यातल्या यज्ञोपवीतानेच माप घेतो. सकाळी चारुदत्त ते भगदाड पाहून आधी त्याच्या कारागिरीचे कौतुक करतो. एवढ्या कष्टाने आलेला चोर आपल्या दरिद्री घरातून रिकाम्या हाताने गेला नाही, याचे त्याला समाधानही वाटते. मात्र चोरीला गेली ती वसंतसेनेची ठेव, हे कळताच तो कोसळतो. त्याचे दुःख दागिन्यांचे नाही. चोरी झाली यावर विश्वास कोण ठेवील? आपण दरिद्री आहोत, म्हणजे जग आपल्यावरच संशय घेणार, हे त्याला भिंतीकडे पाहताना लख्ख दिसते.

नाटककाराने चोर निवडला तो सुविद्य घरातला आणि संशयाची भीती दिली ती निर्धनाला. एवढ्या शतकांत यात फारसा बदल झालेला नाही. किंबहुना मधल्या काळात आपण त्या संशयाला कायद्याचे रूपही देऊन पाहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या, त्यांच्या हजेऱ्या लावल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला. हजेरी घेण्याची सवय राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले, तेव्हा आम्ही ते भारावून वाचले होते. वाचून कपाटात ठेवले होते. चोरांनी ते कपाट उघडले नाही.

आमच्या घरफोडीनंतर सोसायटीची तातडीची सभा झाली. तिने काय ठरवले? कामवाल्या बायका, दूधवाला, इस्त्रीवाला यांना ओळखपत्रे. बाहेर पडताना पिशव्यांची तपासणी. मोबाइलवरील ॲपमध्ये त्यांच्या येण्याजाण्याची नोंद. कॅमेऱ्यांची संख्या दुप्पट. आधीचे कॅमेरे पार्किंगकडे तोंड करून होते आणि त्यांतील दोन बंद होते, याची चर्चा फार लांबली नाही. रात्रीचा रखवालदार बारा तासांच्या पाळीत पंपही चालवतो आणि पहाटे गाड्याही पुसतो. त्याने डोळे नेमके केव्हा उघडे ठेवावेत, हेही कोणी विचारले नाही. पिशव्या तपासण्याच्या ठरावाला हात वर झाले, त्यांत आमचाही होता. ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच विरोध केला तर कसे दिसेल, असे आम्हाला वाटले. या भित्रेपणाला दुसरे नाव नाही.

आमचे म्हणणे घर उघडे टाका असे नाही. सुताराने कोयंडा बदलून आरपार बोल्ट मारले आणि त्यांचे नट आतल्या बाजूने आवळले. चौकट बाहेरून उचकटता येऊ नये म्हणून आत लोखंडी पट्टी बसवली. कुलूप आता दाराच्या पोटात आहे. बाहेरून लोंबत 'आम्ही घरी नाही' असे सांगत राहत नाही. उरलेसुरले सोने लॉकरमध्ये गेले. (बँकेच्या निष्काळजीपणामुळे तेथे चोरी झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून लागू असलेला नियम माहीत असूनही.) खिडक्यांना पिंजऱ्यासारख्या जाळ्या ठोकण्याचा आग्रह मात्र आम्ही मानला नाही. आग लागली तर त्याच जाळ्या आतल्या माणसांना कोंडतात. एका खिडकीला आतून उघडणारी झडप ठेवली. आणि परगावी जाताना दारातील वर्तमानपत्रे व दुधाच्या पिशव्या उचलायला समोरच्या काकूंना सांगू लागलो. चार दिवसांचा तो ढीग हीच चोराला आमची निमंत्रणपत्रिका होती.

या सगळ्यात कुठेही मावशींची पिशवी येत नाही. लाकूड, लोखंड आणि शेजार यांनी होणारे काम आपण संशयाकडून करून घेऊ पाहतो, कारण लाकडाला पैसे पडतात आणि संशयाची किंमत दुसरे कोणी चुकवते.

चौकीवरून सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आल्या. कनवटीची किल्ली काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे भांडी घासायला बसल्या. आम्ही काही बोलू शकलो नाही. नवे कुलूप बसल्यावर त्याच्या चार किल्ल्यांतील एक आम्ही त्यांच्यापुढे धरली. "नको ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्यापाशीच राहू द्या. परत काही झालं, तर मी कुठं कुठं सांगत बसू?"

ती चौथी किल्ली अजून पुडक्यातच आहे. मावशी हल्ली बेल वाजवतात. आम्ही घरी नसलो, तर जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन वाट पाहत बसतात.