पहिला रेडिओ कोणता?

हौशी रेडिओचा परवाना मिळाला की नवखा माणूस बहुधा हातात मावणारा स्वस्त संच घेतो. बिद्रीसारख्या गावी ही निवड आम्हांला चुकीची वाटते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणतः नजरेच्या टप्प्यापुरत्याच धावतात. डोंगर आडवा आला आणि जवळ रिपीटर नसला, की संच मुका. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र आयनांबरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. हा संच महाग पडतो, सुमारे २० मीटर तारही ताणावी लागते. तरी पहिला खर्च इथेच व्हावा. २०१९च्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी आले. अशा वेळी शेजारच्या गल्लीशी नव्हे, दूरच्या जिल्ह्याशी बोलता यायला हवे. आणि बोलण्याआधी काही महिने नुसते ऐकावे. वाचल्यावाचून लिहू नये, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच, इथेही तेच.