चॅनेल माझं, कष्ट माझे, मग रिटर्न कुणाच्या नावावर?

जुलै आला की रिटर्नची गडबड सुरू होते. गेल्या आठवड्यात तीन मैत्रिणींचे फोन आले. तिघींचा प्रश्न एकच, "चॅनेलच्या पैशावर टॅक्स लागतो का गं, आणि खर्च वजा होतो का?" म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण घरात कुणी व्हिडिओ करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक सांगते. कराडला घरच्या स्वयंपाकघरातून रेसिपीचं चॅनेल सुरू केलं तेव्हा बँकखातं, पॅन सगळं यांचंच दिलं. पहिली तीन वर्षं पैसे यांच्या खात्यात आले, पगारावर चढले आणि वरच्या टप्प्याच्या दराने टॅक्स गेला. खर्च एक रुपयाचाही दाखवला नाही. का? तर "घरातलाच स्वयंपाक, त्यात कसला आलाय खर्च!" हे दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं, मीच म्हटलं होतं.

मग मागची खोली शूटिंगसाठी नीट करावी म्हणून कर्जाला गेले. बँकेतल्या साहेबांनी न विचारताच व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि माझी मागची रिटर्न्स मागितली. माझ्या नावावर कागदच नव्हता. शेवटी कर्ज यांच्या नावावर निघालं. त्या दिवशी कळलं, वजावट म्हणजे नुसता टॅक्स वाचवायचा प्रकार नाही. आपण काम करतो, त्याला खर्च येतो, हे सरकारदरबारी लिहून ठेवणं आहे ते.

आता सगळं माझ्या नावावर आहे. जे शिकले ते सांगते.

पहिला गैरसमज, "नव्या रेजिममध्ये काहीच वजा होत नाही." चूक. विमा, पीपीएफवाली ८०सी ची सूट जाते. धंद्याचा खर्च तिथेही वजा होतो. कॉलेजचा मुलगा एडिटिंग करतो त्याचे पैसे, इंटरनेट, माइक, लाइटचे स्टँड, शूटिंगसाठीचा प्रवास, टॅक्सवाल्या काकांची फी, सगळं. मोठ्या वस्तूंची किंमत एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो. लॅपटॉपला ४० टक्के, कॅमेऱ्याला १५. दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला असेल तर त्या वर्षी निम्माच, कारण वापर १८० दिवसांपेक्षा कमी.

दुसरं, घर आणि धंदा यातली रेघ आपणच ओढायची. माझा फोन मुलंही वापरतात, म्हणून त्याचा घसारा मी पूर्ण लावत नाही. व्हिडिओतली भाजी संध्याकाळी आम्हीच जेवतो, ती लावत नाही. पण भाजणी जमेपर्यंत तीन वेळा चकली बिघडली आणि ते पीठ फेकलं, ते लावते! ज्या साडीत शूटिंग केलं तीच नेसून लग्नाला गेलात तर ती खर्चात टाकू नका. एकीने खोटं लावलं की उद्या सगळ्याजणींकडे संशयाने बघतील.

तिसरं, फुकट आलेला मिक्सर फुकट नसतो. ठेवून घेतला तर त्याची किंमत तुमचं उत्पन्न. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर वस्तू आल्या तर १० टक्के टीडीएसही लागतो. व्हिडिओ करून परत पाठवला तर प्रश्न नाही.

आणि हो, २०२५-२६ साठी नव्या रेजिममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य आहे. माझ्यासारख्या बहुतेकींना तो लागणारच नाही. तरी रिटर्न भरा. ब्रँडवाले पैसे देताना टीडीएस कापतात, तो रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही.

आता सरकारला दोन शब्द. २०२५ मध्ये रिटर्नच्या फॉर्मात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोड आला. आम्हाला मोजलंत, बरं वाटलं. ४४एडीए खाली निम्मी जमा खर्च समजायची आणि निम्मी उत्पन्न, ही सोयही एकटीने काम करणारीला चांगली आहे. पण गडकिल्ल्यांचे व्हिडिओ करणारी चार पोरं घ्या. वर्षाला ३० लाख जमा, त्यातले २० लाख कॅमेरामन, एडिटर, डिझेल आणि मुक्कामात गेले. हातात राहिले १० लाख, म्हणजे एकाच्या नावावर धरले तरी टॅक्स शून्य. निम्म्याच्या हिशेबाने मात्र उत्पन्न १५ लाख आणि टॅक्स १,०९,२०० रुपये. खरा खर्च दाखवायचा तर हिशेबाची वही ठेवा आणि वर ऑडिटही करून घ्या! वही ठेवायला ना नाही. पण ज्याची सगळी जमा बँकेत आणि जवळपास सगळा खर्च यूपीआयने, त्याला ऑडिट कशाला? अशा छोट्यांना ऑडिटमधून सूट द्या, एवढंच मागणं आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पॅन स्वतःचं, खातं स्वतःचं. चॅनेलचे व्यवहार त्याच खात्यातून. किराणावाल्याची कच्ची चिठ्ठी नको, नाव-तारखेचं बिल मागा. एका दिवसात एकाला १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका, तो खर्च धरत नाहीत. आणि एक साधी वही. मी दर रविवारी चहा घेत अर्धा तास लिहिते. तुमचा आकडा वेगळा असेल, तेव्हा रिटर्न भरताना जाणकाराला विचाराच.

यंदा रिटर्नमध्ये व्यवसायाच्या रकान्यात मी काय लिहिलं, माहितीये? 'गृहिणी' नाही. १६०२१. आकडाच आहे, पण भरताना हात जरा थरथरला.

ओळखीत कुणाचं चॅनेल नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर वडिलांच्या खात्यावर चालत असेल, तर ही पोस्ट तिला नक्की पाठवा.