नाशिकास निघालात? मग हिशेब करून निघा

सिंहस्थाच्या गोष्टी लासलगावच्या बाजारात आता कांद्याच्या भावाइतक्याच ऐकू येऊ लागल्या आहेत. २०२७ सालच्या पर्वणीस कोण कोण जाणार, गाडी कोणाची न्यावयाची, उतरावयाचे कोठे, हे बेत लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ठरतात. मुलांना शाळेत सोडावयास येणाऱ्या आयाबाया आम्हांस विचारतात, "गुरुजी, पहिली पर्वणी कधी? आणि त्र्यंबकाला शांत करायची तर किती खर्च येतो हो?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात सापडेल. दुसऱ्याचे उत्तर पंचांगात नाही, म्हणून ते येथे देणे भाग आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की देवळात जाऊ नका असे सांगावयास आम्ही बसलेलो नाही. पौष वद्य एकादशीस त्र्यंबकी निवृत्तिनाथांच्या समाधीकडे ज्या दिंड्या जातात, त्यांत आपल्याच घरची म्हातारी माणसे कडाक्याच्या थंडीत वाट तुडवितात. त्यांच्या भक्तीची थट्टा ज्याला करावयाची असेल त्याने करावी; आमच्याने ती होणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कांदा विकताना जो मनुष्य काटा दोनदा पाहतो आणि हिशेबपट्टी तीनदा वाचवून घेतो, तोच मनुष्य गोदावरीच्या घाटावर उतरला की डोळे मिटून कनवटीला हात घालतो. देवापुढे डोळे मिटावेत. देवाच्या नावाने हात पुढे करणाऱ्यापुढे ते उघडे असावेत.

आधी हे पाहू, की देऊळ कोणाचे? काळारामाचे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविले. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. काळारामाच्या कामावर दोन हजार माणसे बारा वर्षे खपत होती, अशी परंपरेने सांगतात. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. पण तो काळा दगड आपल्या पायांनी खाणीतून पंचवटीस चालत आला नाही. तो पाथरवटाने फोडला, त्याच्या छिन्नीला लोहाराने धार दिली, गाडीचे चाक सुताराने घडविले आणि ती गाडी कुणब्याच्या बैलांनी ओढली. सरदारांच्या व पेशव्यांच्या तिजोरीत तरी पैसा कोठून आला? रयतेच्या शेतसाऱ्यातूनच ना? तेव्हा त्या पायरीवर चढताना आपण कोणाच्या मेहेरबानीने चढतो आहोत, असे मनात आणण्याचे काडीचेही कारण नाही.

आता खर्चाचे. आमच्या शाळेतील एका मुलाच्या बापाची गोष्ट सांगतो. एका वर्षी त्याची म्हैस मेली, चाळीतला उन्हाळ कांदा सडला आणि धाकट्या मुलाचा ताप हटेना. कोणी तरी पत्रिका पाहून कालसर्पयोग काढला. गड्याने हातउसने पैसे करून त्र्यंबक गाठले. दक्षिणा ठरली ती ठरली. तिच्यावर सामानाचे निराळे, वस्त्रांचे निराळे, भोजनाचे निराळे. परत आला तो हलका होऊन, पण खिशाने! पुढे थोरली मुलगी शाळेतून काढली. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष आजतागायत आलेले नाही. कांदा सडला होता तो चाळीत हवा खेळत नव्हती म्हणून. मुलाचा ताप उतरला तो दवाखान्यातल्या औषधाने. घरात साप राहिला तो कर्जाचा. या कालसर्पाचा जुन्या ज्योतिषग्रंथांत पत्ता नाही, असे कित्येक ज्योतिषीच कबूल करतात. मग आपल्याच मानेवर तो कोणी आणून सोडला, याचा विचार आपण करू नये काय?

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज काढला, तो याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको, ही त्या समाजाची पहिली शिकवण. दीडशे वर्षे होऊन गेली. बाजारातला अडत्या आपल्याला डोळ्यांत सलतो, पण देवाच्या दारचा अडत्या मात्र गोड लागतो!

रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगताच ते वही काढून चार पिढ्यांची नावे वाचून दाखवितात, आणि आपला मनुष्य विरघळतो. वही जपून ठेवली याबद्दल त्यांचा गुण घ्यावा. परंतु नावे आपली, वही त्यांची आणि वाचणारेही तेच, असे का झाले? आपला आजा अंगठा उठवीत होता म्हणून. आज आपल्या घरात शिकलेली पोरे आहेत. या दिवाळीत पाच-पन्नास रुपयांची एक जाड वही आणा, पोरीच्या हाती लेखणी द्या, आणि वाडवडिलांची, त्याचप्रमाणे आज्यांची व पणज्यांचीही नावे घरीच लिहून काढा. १९१४ साली नाशिकास मराठा विद्या प्रसारक समाज निघाला, तो सत्यशोधकी विचाराने भारलेल्या माणसांनी काढला. आपली वही आपणांस लिहिता यावी, हीच त्यांची तळमळ होती.

देवळात शिरताना आता आणखी एक नवे सोवळे दिसते. त्र्यंबकेश्वरास अलीकडच्या वर्षांत २०० रुपयांची देणगी देणाऱ्यास लवकर दर्शन मिळू लागले. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो तासन् तास रांगेत उभा! जातीचे सोवळे कायद्याने उतरविले, तर पैशाचे सोवळे नेसून तेच दार पुन्हा उभे राहिले. आमची विनंती अशी, की ज्यांस ऐपत आहे त्यांनीही साध्या रांगेतच उभे राहावे. आजारी, लेकुरवाळी आणि म्हातारी माणसे पुढे जाऊ द्यावीत. बाकी सर्वांस रांग एकच.

येथवर वाचून वाचक मान डोलावीत असतील. भिक्षुकांना चार शब्द सुनावले की आम्हां सर्वांसच बरे वाटते. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती आपल्याच घरची आहे.

२ मार्च १९३० रोजी काळारामाच्या देवळापुढे हजारो अस्पृश्य बंधू-भगिनी जमल्या. पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि जिल्ह्यातले खंदे कार्यकर्ते दादासाहेब गायकवाड. मागणे एवढेच, की रामाचे दर्शन आम्हांसही घेऊ द्या. देवळाचे दरवाजे लावून घेण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले; त्यांत स्त्रियाही होत्या. ९ एप्रिल रोजी रामनवमीचा रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी ओढावा असे ठरले होते. सत्याग्रह्यांचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला, दगडफेक झाली, डोकी फुटली. हा लढा पुढे कित्येक वर्षे कमीअधिक जोराने चालला आणि दार काही उघडले नाही.

ही गोष्ट सांगताना आपण सारा दोष पुजाऱ्यांच्या पदरात टाकून मोकळे होतो. परंतु त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत काय झाले? सत्याग्रहाचा राग म्हणून अस्पृश्यांच्या वाटा अडविल्या, दुकानदारांनी त्यांना माल नाकारला, त्यांची मुले शाळेतून बाहेर काढली. आता विचारा, की ही वाट कोणी अडविली? पंचवटीचा पुजारी काही निफाडच्या नि सिन्नरच्या पांदीत येऊन उभा राहिला नव्हता. खेड्यात वाट, विहीर आणि मजुरी ज्यांच्या हाती होती, ते आपलेच आजे-पणजे. ज्यांना भट शूद्र म्हणे, त्यांनीच आणखी खालच्या पायरीवरल्या माणसाला लाथ मारली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय सत्यशोधकाला शोभत नाही. सत्य शोधावयाचे तर ते आधी आपल्या घराच्या उंबऱ्यात शोधले पाहिजे.

त्याचा परिणाम आपल्या शेजारीच झाला. येवले लासलगावाहून फार दूर नाही. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्म घेतला. दार तोवर कायद्याने उघडले होते. पण ज्यांच्यासाठी उघडावयाचे ते निघून गेले होते. आज त्यांच्या मुलाबाळांस आपल्या देवळाची गरज उरलेली नाही. तेव्हा 'आता देऊळ सर्वांस खुले आहे' अशी बढाई आपण कोणापुढे मारावी?

बायकांचेही तेच. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की देवळात जाणे हा स्त्रीचा मूलभूत हक्क आहे आणि तो राखणे सरकारचे काम आहे. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात काही स्त्रिया पोलिसांच्या बंदोबस्तात गेल्या. ज्या आईच्या दुधावर आपण वाढलो, तिला देवापुढे नेण्यास पोलीस लागावेत, ही शरमेची गोष्ट नव्हे काय? आणि हे ऐकून पुजाऱ्यावर तोंड टाकणारा आपला शेतकरी घरी सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावताना मात्र का अडखळतो?

म्हणून जाणारांस आमचे सांगणे असे. घरून निघतानाच खर्चाचा आकडा ठरवा आणि तो कारभारणीस सांगून निघा. कर्ज काढून पुण्य मिळत नाही. भीती घालून कोणी शांत सांगेल तर हात जोडून पुढे चला. एकाच मुहूर्ताचा हट्ट धरू नका. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या पर्वणीत गर्दीत चेंगरून ३९ माणसे गेली. गोदावरी दुसऱ्या दिवशीही वाहतच होती. गाडगेबाबांची धर्मशाळा नाशिकास आहे, ती मुलांना दाखवा. ज्या माणसाने जन्मभर हाती खराटा धरला, त्याने पैसा जमविला तो वाटसरूला छप्पर मिळावे म्हणून, हे त्यांना सांगा. आणि काळारामाच्या दारात पोचल्यावर आत जाण्यापूर्वी क्षणभर थांबा. येथे १९३० साली माणसे बसली होती, आणि त्यांना आत जाऊ दिले नव्हते, हे पोरांना त्याच जागी उभे राहून सांगा. त्यांनी विचारले, की "तेव्हा आपण कोठे होतो?" तर खोटे बोलू नका.

मग गावी परत या. काळारामाचे दार उघडणे आता आपल्या हाती उरलेले नाही. गावातली दारे आहेत. लग्नाच्या पंगतीत कोण कोठे बसतो, पाण्याच्या हंड्यास कोणाचा हात लागलेला चालतो, नवरदेवाची वरात कोणत्या गल्लीतून जाऊ दिली जाते, मसणवटीत कोणास जागा मिळते, हे सारे आपल्याच हाती आहे. शेजारच्या वस्तीतल्या माणसाला आपल्या ओसरीवर बोलावून, आपल्याच कपात चहा देण्यास भट आडवा येत नाही, कायदा आडवा येत नाही आणि २०० रुपयांची पावतीही लागत नाही. एवढे ज्याला साधेल त्याची सिंहस्थाची यात्रा पावली असे आम्ही समजू. ज्याला साधणार नाही, त्याने रामकुंडात बारा वेळा बुडी मारली तरी तो कोरडाच परत येईल.