पुडीने मारलेली भूक

शाळा सुटायच्या वेळेला कुठल्याही किराणा दुकानासमोर उभं राहून पाहा. वर रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या, खाली पोरांची गर्दी, प्रत्येकाच्या मुठीत पाचाचं नाहीतर दहाचं नाणं. घरी पोचेपर्यंत पुडी संपलेली असते. मग रात्री भाजी-भाकरीचं ताट पुढे आलं की पोर म्हणतं, "भूक नाही." चार दिवसांनी आई दवाखान्यात टॉनिक मागायला जाते. "काही खातच नाही हो हा!" खातो की. जेवणाच्या आधी खाऊन मोकळा होतो.

पुडीतल्या खाऊने मूल लगेच आजारी पडेल, असं मी म्हणत नाही. पण चार-पाच वर्षांच्या मुलाचं पोट केवढंसं असतं! त्यात तेल, मीठ आणि मैदा जाऊन बसला की डाळीला, भाजीला, अंड्याला जागा कुठून राहणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभरातल्या जवळपास 69 मुलांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणं पुष्कळ आहेत: गरिबी, जंत, बाळंतपणाआधीपासून आईच्याच अंगात नसलेलं रक्त. सगळं खापर पुडीवर फोडणं खरं नव्हे. मात्र ज्या पोराच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याची एकही भूक वाया घालवणं आपल्याला परवडत नाही.

त्यातही मला जास्त काळजी वाटते ती सकाळच्या चहा-बिस्किटाची. कुरकुऱ्याला निदान आपण खाऊ तरी म्हणतो. बिस्किटाला मात्र न्याहारीचा मान देऊन बसलो आहोत. पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. बहुतेक बिस्किटांवर मैदा, साखर, पामतेल हीच नावं सुरुवातीला दिसतील. "गव्हाचं पीठ" लिहिलेलं असलं तरी कंसात मैदा आहे का, ते बघा. शंभर ग्रॅममागे पंचवीस ग्रॅम साखर असेल, तर पुड्याचा पाव भाग साखरच झाली. वर चहातली साखर वेगळी, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं ते आणखी वेगळं. लहान मुलाला चहा देऊच नये.

साखरेचा हिशोब एकदा मांडून ठेवा, कायम उपयोगी पडेल. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,360 कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते आहे. पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम, चहाचे जेमतेम चार चमचे. दिवसभरासाठी! दुधात मिसळायच्या चॉकलेटी पावडरीही याच हिशोबात धरा. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात "हेल्थ ड्रिंक" असा प्रकारच नाही. म्हणून 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं. पाकिटातल्या फळाच्या पेयाचंही तसंच. चित्र आंब्याचं असतं, पण यादीत पहिलं नाव बहुधा पाण्याचं आणि दुसरं साखरेचं.

आता कुणी म्हणेल, पोहे, शेवया, पाश्चराइज केलेलं दूध, हेही प्रक्रिया केलेलंच की. बरोबर आहे, आणि त्यांचं काहीच वाईट नाही. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी 2009 मध्ये हाच फरक मांडायला सुरुवात केली: प्रक्रिया किती आणि कशासाठी, ते पाहा. इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद... आपल्या फडताळात नसलेल्या अशा चिजांनी यादी भरली असेल, तर ती पुडी रोजच्या खाण्यात नको. सुट्या खारी-टोस्टवर तर यादीही नसते. आणि घरची चकली घरची म्हणून वाटेल तेवढी चालते, असंही नाही. तेल ते तेलच.

मग द्यायचं काय? महाग काही नको. दहा रुपयांच्या पुडीत पंचवीस ग्रॅम माल असेल, तर तो किलोला चारशे रुपये पडला. त्याच्या निम्म्या पैशांत शेंगदाणे येतात, फुटाणे येतात, गूळ येतो. शाळेतून आल्या आल्या मुलाच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, खरी मेख ती आहे. ते घरात तयार नसलं की पोर दुकान गाठणारच. सकाळच्या भाकरीचा कुस्करा, थालीपीठ, दडपे पोहे, उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू, केळं. आई-बाबा दोघंही कामावर असतील तर लाह्या-चुरमुऱ्यांचा डबा मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

पुडी घरातून हद्दपार करा, असं सांगणार नाही. तसं केलं तर मूल शेजारी जाऊन खाईल. आठवड्यातला एखादा दिवस ठरवा, जेवण झाल्यावर द्या, चौघांत वाटून द्या. रडणं थांबवायला किंवा मोबाइलसोबत मात्र कधीच देऊ नका. आजी-आजोबांना विनंती, लाड करायला पुडीच लागते असं नाही. पाहुण्यांनाही तेच सांगणं: लेकरांच्या घरी जाताना बिस्किटाच्या पुड्याऐवजी चार पेरू न्या.

राहता राहिली शाळा. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड काढायला सांगितलं. 2020 च्या केंद्रीय नियमानुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत विकता येत नाहीत. तुमच्या मुलाच्या शाळेबाहेर काय विकलं जातं, ते उद्या स्वतः जाऊन पाहा आणि येत्या पालकसभेत मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारा.