ऑपरेशन्स घेऊ का, मामा?

आमच्या घरात 'ऑपरेशन' या शब्दाचा एकच अर्थ होता. मी एमबीएला ऑपरेशन्स घेतलं तेव्हा आजीने शेजारच्या काकूंना मोठ्या कौतुकाने सांगितलं, की नातू इंजिनियर झाला आणि आता ऑपरेशनं शिकायला गेलाय. काकूंनी लगेच आपल्या मोतीबिंदूची चौकशी करून घेतली. :)

हे आठवायचं कारण म्हणजे परवा आलेला भाचीचा फोन. एमबीएचं पहिलं वर्ष चालू आहे, स्पेशलायझेशन निवडायचंय. "मामा, ऑपरेशन्स घेऊ का? वर्गात सगळे म्हणतात, फायनान्स घे, नाहीतर मार्केटिंग. ऑपरेशन्स म्हणजे कारखान्यात घाम गाळायचा आणि वर पॅकेज कमी." तासभर बोललो, तरी मनातलं नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. (ताई, तूही वाच.)

घे, असंच माझं मत आहे. विषय खरोखर छान आहे, आणि त्यात गणित आहे म्हणून घाबरायचं काही कारण नाही. एकच उदाहरण देतो. बँकेत एक खिडकी आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सरासरी पाच मिनिटं लागतात. माणसं कशीही, केव्हाही येतात, कुणाचं काम मिनिटात होतं तर कुणाचं लांबतं. खिडकीवरचा माणूस ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेत सरासरी २० मिनिटं जातात. तोच ९० टक्के कामात असेल तर ४५ मिनिटं. आणि ९५ टक्के झाला, तर ९५ मिनिटं! माणूस तोच, वेगही तोच. हे पहिल्यांदा वहीत सोडवलं तेव्हा मी थक्क झालो होतो. तोवर रांग लागली की कारकून आळशी, असंच घरीदारी ऐकलेलं. आता कुणी साहेब "आमच्याकडे एक मिनिटही कुणी रिकामं बसत नाही" असं फुशारकीने सांगायला लागला, की त्याच्या दारातली रांग मला दिसायला लागते.

नोकऱ्यांचं म्हणाल तर कारखान्यापुरतं हे कधीच राहिलेलं नाही. चाकणला प्लॅनिंग आणि क्वालिटी आहे, भिवंडीला गोदामं आहेत, शिवाय हॉस्पिटलची ओपीडी, बँकांचं बॅक ऑफिस, विमानतळ, कन्सल्टिंग. पवईची नीटी १९६३ पासून याच विषयासाठी ओळखली जायची, २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं, तेव्हा विषयाला वजन नाही असंही नाही. फक्त 'ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' या पाटीला भुलू नये. त्या पाटीखाली काही ठिकाणी दिवसभर गाड्यांच्या ड्रायव्हरांना फोन करणं एवढंच काम असतं. मुलाखतीत सरळ विचारावं, की माझ्या हातात निर्णय कोणता? उत्तर गोलमाल आलं तर समजावं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि फोनवर मी तिथेच अडखळलो.

२००५ साली मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या कंपनीत होतो (नाव राहू दे). पहिलीच मोठी कामगिरी मिळाली होती, कच्च्या मालाचा साठा कमी करायची. वर्गात जस्ट-इन-टाइम शिकून आलेलो, टोयोटाच्या तैइची ओनोंचा भक्त. सहा महिन्यांत अठरा दिवसांचा साठा चार दिवसांवर आणला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, सर्टिफिकेट दिलं. ते आईने फ्रेम करून भिंतीवर लावलं.

त्यानंतर एकदा रिजेक्शनच्या भानगडीत भोसरीला आमच्या एका पुरवठादाराकडे जावं लागलं. दोन प्रेस, दहा-बारा माणसं. मालक माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला 'साहेब' म्हणायचे, त्याचीच लाज वाटायची. आत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. पोटमाळ्यावर, जिन्याखाली, त्यांच्या टेबलाला चिकटून, जिकडेतिकडे आमचेच पार्ट भरलेले क्रेट. मी विचारलं, एवढा माल का पडलाय? ते हसले. "साहेब, तुमच्याकडचा कमी झाला ना, तो इथे आलाय. तुमची लाइन थांबली तर दंड मला. मग नको का ठेवायला?"

साठा कुठे गेलाच नव्हता. चौदा दिवसांचा माल माझ्या कुंपणाच्या आतून बाहेर गेला होता, बस! आधी रोज एक टेम्पो यायचा, आता दोन, दोन्ही अर्धे रिकामे. भाडं त्यांचं. बिलाचे पैसे मात्र आम्ही नव्वद दिवसांनी देणार, आणि तोवर ते कॅश क्रेडिटवर व्याज भरणार. तेही आमच्या कंपनीला मिळायचं त्याहून चढ्या दराने.

फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलेलं ऑर्डरच्या आकाराचं सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. त्यात माल बाळगण्याच्या खर्चाला एक अक्षर आहे. ते अक्षर कुणाचं, हे मला दोन वर्षांत एकाही परीक्षेत विचारलं गेलं नाही. सगळं मिळून पाहिलं तर माझ्या सर्टिफिकेटवाल्या प्रकल्पाने खर्च वाढवला होता.

परत येऊन थोडी खटपट केली. एकाच गाडीने भोसरीतल्या पाच-सहा पुरवठादारांकडून माल गोळा करायचा, दूधवाला रतीब घालतो त्याच्या उलट. ते जमलं, अर्ध्या रिकाम्या टेम्पोंचा प्रश्न सुटला. पैशांच्या बाबतीत अकाउंट्सने मला दारातही उभं केलं नाही. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करायचा कायदा आला. पण आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार कोण करणार? त्या काकांनी केली नाही. त्यांनी एक प्रेस विकला.

टोयोटाचंही बघा. २०११ च्या भूकंपानंतर त्यांनी काही महिन्यांच्या चिपचा साठा ठेवायची व्यवस्था केली, आणि २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा झाला तेव्हा सुरुवातीला इतरांपेक्षा ते बरेच सावरलेले होते. फार कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण तो साठासुद्धा ठेवायचा होता पुरवठादारांनीच.

म्हणून भाचीला माझं सांगणं एवढंच, की ऑपरेशन्स घे, पण उन्हाळ्यातली दोन महिन्यांची इंटर्नशिप मोठ्या कंपनीत करू नकोस. तिला माल पुरवणाऱ्या कुणाकडे कर. पंखा कुरकुरेल, प्रेझेंटेशन बघायला कुणाला वेळ नसेल, आणि सीव्हीवर ते नाव कुणी ओळखणार नाही. पण आपण वर्गात ज्याला बचत म्हणतो ती पलीकडून कशी दिसते हे एकदा बघितलेलं असेल. मला ते नोकरी लागल्यावर कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली.

बाईसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, प्लेसमेंटच्या वेळी हे कोण विचारणार?" प्रश्न चुकीचा नाही. मी ओळखीच्या दोघांशी भोसरीत बोलून ठेवलंय, एक जण घ्यायला तयार आहे. स्टायपेंड नाही, जेवण मिळेल म्हणाला.

ताई, आता तुझा फोन येणार हे मला ठाऊक आहे. रात्री नऊनंतर कर.