काम तेच, टाळी वेगळी

दिवाळीच्या दिवसांत कोणी कडू बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट चिरडायचे आणि वर्षभराचा कडूपणा तिथेच संपवून टाकायचा. पण कारीट चिरडल्यावर त्याच्या रसाचा एक थेंब जिभेलाही लावायचा असतो, हे जुनी माणसे विसरत नसत. हा लेख म्हणजे तो थेंब समजावा. फराळाचे ताट पुढे आहेच.

गेल्या वर्षी आमच्या गावात एक जर्मन मुलगी शिकायला म्हणून राहिली होती. वय सोळा. हल्ली अशी मुले येतात. इथल्या एखाद्या कुटुंबात वर्षभर राहतात, इथल्या वर्गांत बसतात, आणि इथली मुले तिकडे जातात. ही मुलगी दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांतातली, ट्युबिंगेन या विद्यापीठाच्या शहराजवळच्या एका लहान गावातली. आमच्या मुख्याध्यापकांनी तिला शाळेत बोलावले आणि विषय दिला, 'आमच्याकडचा नेहमीचा दिवस'. सतरंज्यांवर आठवी-नववीची मुले, पुढच्या खुर्च्यांवर पालक, आणि भिंतीला टेकून आम्ही शिक्षक. ती इंग्रजीत बोलत होती आणि इंग्रजीचे सर मराठी करून सांगत होते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई; सर नसते तर निम्मे बोलणे माझ्या डोक्यावरून गेले असते.

मुलगी साधे बोलली. सहाला उठते, डबा स्वतःच भरते, बसने शाळेला जाते, बस चुकली तर सायकल काढते. आठच्या आतच शाळा भरते. गणवेश नाही. वर्गाचा प्रतिनिधी मुलेच मत देऊन निवडतात. गुण एक ते सहा. त्यात एक सर्वांत चांगला आणि सहा सर्वांत वाईट. इथे मुले पोट धरून हसली, कारण या हिशेबाने आमचे पुष्कळसे विद्वान एकदम वर गेले असते. रात्रीच्या जेवणाला त्यांच्या भाषेत नावच आहे 'संध्याकाळचा पाव'. पाव, चीज, काकडी मांडायची आणि जेवायचे. गरम स्वयंपाक नाही. तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. रात्रीच्या पोळ्या वाचतात, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

मग ती घरकामावर आली. तिच्या प्रांतात एक जुनी रीत आहे, 'केअरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीत जितकी बिऱ्हाडे, तितक्या पाळ्या. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना आणि इमारतीसमोरची पायवाट त्या घराने झाडायची. तिचे वडील कॉलेजात प्राध्यापक आहेत. तेही झाडतात, आई झाडते, तीही झाडते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत घालून ठरल्या दिवशी रस्त्याकडेला नेऊन ठेवणे, हे काम तिचे एकटीचे. शाळेतून एक आठवडा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायला पाठवतात, तेव्हा ती एका वृद्धाश्रमात गेली आणि हात थरथरणाऱ्या आजीआजोबांना चमच्याने भरवत बसली. तिचा थोरला भाऊ दहावीनंतर शाळा सोडून विजेचे काम शिकतो आहे. आठवड्यातले एकदोन दिवस धंदेशिक्षणाची शाळा, बाकीचे दिवस कारागिराच्या हाताखाली, आणि शिकता शिकता महिन्याला पगार. असे साडेतीन वर्षे.

"वडील प्राध्यापक आणि मुलगा वायरमन?" पुढच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले. सरांनी भाषांतर केले. मुलीला प्रश्नच कळला नाही. तिने सरांना तो पुन्हा विचारायला लावला आणि तरीही तिला कळला नाही. "हो," ती म्हणाली, "त्याला आवडतं."

शेवटी तिने सांगितले की आठवड्यातून एकदा ती गावातले फुकट साप्ताहिक घरोघरी टाकते. त्या पैशांतून तिने सायकल घेतली आणि हिंदुस्थानात येण्याच्या खर्चातही थोडा हातभार लावला. यावर केवढी टाळी पडली! मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "बघा मुलांनो, शिका! प्राध्यापकांची मुलगी पेपर टाकते!"

तेवढ्यात नववीतला एक मुलगा उभा राहिला. वर्गात तो चौथ्या बाकावर बसतो आणि सहसा बोलत नाही. त्याने विचारले, "ताई, तू पेपर किती वाजता टाकतेस?"

ती म्हणाली, "दुपारी तीनला. सकाळी आठच्या आधी पंधरा वर्षांखालच्या मुलांनी पेपर टाकायला कायद्यानं बंदी आहे."

मुलगा म्हणाला, "मी साडेचारला उठतो. दीडशे घरं आहेत."

सभा हसली. का हसली कोण जाणे. मुख्याध्यापकांनी त्याला हाताने खाली बसायची खूण केली आणि आभारप्रदर्शन सुरू झाले.

मी मात्र हसले नाही, आणि त्यात माझा काही मोठेपणा नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. आमची शाळा सकाळची, पहिला तास माझा. हा मुलगा महिन्यातून तीनचारदा दहा मिनिटे उशिरा येई आणि मी त्याला दाराबाहेर उभा करी. "रात्री जागून मोबाईल बघता आणि सकाळी डोळे उघडत नाहीत," हे माझे ठरलेले वाक्य होते. त्याने कधी उलट उत्तर दिले नाही. मी कादंबऱ्या लिहिते, माणसांच्या मनांत शिरण्याचा धंदा करते. पण समोरच्या मुलाच्या बोटांना छापखान्याची शाई लागलेली असते, ती मला वर्षभरात दिसली नव्हती.

वाचकहो, आता सांगा. काम एकच. तिने केले तर संस्कार आणि त्याने केले तर हसू, हा न्याय कुठला? त्या गोऱ्या हातातल्या वर्तमानपत्राला आपण स्वावलंबन म्हणालो आणि आपल्या गल्लीतल्या हातातल्या वर्तमानपत्राला गरिबी म्हणालो. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण आपल्या मुलांचे दोन तट पाडले आहेत. एका तटाला काम आहे पण मान नाही. दुसऱ्याला मान आहे पण काम नाही. आणि दोन्हीकडच्या मुलांचे त्यात सारखेच नुकसान होते आहे.

दुसऱ्या तटाचे उदाहरण शोधायला मला दूर जावे लागत नाही. माझा मुलगा बारावीला आहे. पाण्याचा पेला तो माझ्या हातून घेतो आणि रिकामा पेला जिथे बसला असेल तिथेच ठेवतो. 'त्याची परीक्षा आहे' हे वाक्य आमच्या घरात आठवीपासून चालू आहे. मुलगी असती तर परीक्षेसकट तिने कणीक मळली असती, हेही मला पुरते ठाऊक आहे. आपण याला माया म्हणतो. ही माया नव्हे. हा अविश्वास आहे. आईबाप मुलाला सांगत असतात की तुला गुण मिळवता येतील, बाकी काही जमायचे नाही. मुलगाही आज्ञाधारक, तो ते खरे करून दाखवतो.

यावर लोक म्हणतील, बाई, तुम्ही मुलांना मजुरीला लावायला निघालात. मुळीच नाही. जर्मन कायदा काय म्हणतो तो नीट पाहा. मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली पाहिजेत, आईबापांची संमती पाहिजे, काम हलके पाहिजे, दिवसाला दोन तासांहून जास्त नाही, शाळेच्या आधी नाही, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात नाही. शेतीच्या घरी तेवढी एक तासाची सवलत. म्हणजे त्या देशाने मुलाच्या हाताला काम दिले आणि त्याची झोप आणि शाळाही राखली. आपल्याकडे 2016 साली कायदा सुधारला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि तिचा अपवाद म्हणून घरच्या धंद्यातली मदत शाळेबाहेरच्या वेळात चालेल असे ठरले. ठीक झाले. पण चौदा पुरी झालेल्या त्या मुलाने साडेचारला उठावे की नाही, त्याची झोप कोणी राखावी, हे विचारायला कोण जाते? त्याच्या कमाईची सायकल होत नाही. घरचे वाणसामान होते. मला त्याची गरिबी गौरवायची नाही. तिच्यावर स्वावलंबनाचे गोंडस नाव चिकटवणारे पुष्कळ आहेत. त्याला झोप मिळाली पाहिजे, त्या मुलीला मिळते तेवढीच. आणि तिला मिळाली तेवढीच टाळीही.

दुसरे लोक म्हणतील, जर्मनीचे एवढे कौतुक कशाला? तिथे म्हाताऱ्यांना आश्रमात ठेवतात, सोळाव्या वर्षी पोरांना कायद्याने बिअर मिळते. खरे आहे. त्या मुलीनेही काही लपवले नाही. तिथे चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे जाणारी शाळा कोणती आणि कारखान्याकडे जाणारी कोणती, हे तेव्हाच बहुधा ठरून जाते. 'माझ्या वर्गातली डॉक्टरांची मुलं वर गेली, सफाई करणाऱ्या बाईंची मुलगी खाली गेली. ती माझ्यापेक्षा हुशार होती,' असे ती म्हणाली. 2000 साली 'पिसा' ही अनेक देशांची परीक्षा झाली, तिचा निकाल पुढच्या वर्षी लागला आणि घरच्या परिस्थितीवर मुलाचे यश किती अवलंबून असते हे पाहून जर्मनी हादरली. पण एक फरक लक्षात घ्या. त्यांनी आपला दोष मोजला आणि चारचौघांत मांडला. शाळेतली पोरगीही परक्या गावात तो सांगते. आपण आपला दोष फराळाच्या डब्यासारखा वर फडताळात ठेवतो.

आणि हे सारे परदेशातूनच आणायचे आहे असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि हाताने कामे करत. 'कमवा आणि शिका' हे शब्द जर्मन नाहीत. 1937 साली वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी देशापुढे ठेवला. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तेव्हा त्यांच्या दाराला कोणी पाटी लटकवली नव्हती. आपण बाबांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान काढले, तसबिरीला हार घातला आणि खराटा पुन्हा ज्यांच्या हातात होता त्यांच्याच हातात दिला. झाडण्याची पाळी आपल्याकडेही आहे. फक्त ती आठवड्याने बदलत नाही, ती जातीने ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते.

नियतीचा विनोद पाहा. 2024 साली आपल्या महाराष्ट्र शासनाने याच बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यांना काय हवे आहे? वायरमन, नळकारागीर, सुतार, परिचारिका, वाहनचालक. ज्या कामांची नावे काढून आपण मुलांना भीती घालतो, 'अभ्यास कर, नाहीतर गाडी चालवशील', तीच कामे. उद्या तोच वायरमन जर्मनीत गेला की त्याच्या लग्नाला स्थळांची रांग लागेल. म्हणजे आपल्याला कामाची लाज नव्हतीच. ते इथे करण्याची लाज होती.

दिवाळीचेच पाहा. पूर्वी सहामाही संपली की पोरे माती कालवायला बसत. दगड, पोती, अळीव पेरून उगवलेले रान, वर शिवाजी महाराज, खाली मावळे. किल्ला वेडावाकडा होई पण तो त्यांचा असे. कंदिलाच्या काड्या बांधताना बोटे कापत आणि खळ कपड्यांना लागे. आता किल्ला तयार मिळतो, कंदीलही तयार मिळतो. मुलाच्या हाताला माती लागू नये म्हणून आपण पैसे मोजतो आणि मग शाळेत येऊन विचारतो, 'बाई, याचं लक्ष कशातच का लागत नाही हो?'

त्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागितली, असे लिहिता आले असते तर हा लेख छान संपला असता. तसे घडले नाही. मी फक्त त्याला बाहेर उभा करणे थांबवले. तो उशिरा येतो, मान खाली घालून चौथ्या बाकावर बसतो आणि मी फळ्याकडे वळते. माफी मागायला लागणारे धैर्य मॅट्रिकला शिकवत नाहीत, आणि पुढेही शिकवत असतील असे मला वाटत नाही. घरी मात्र एक झाले आहे. माझा मुलगा आता आपला पेला विसळतो. पहिले आठ दिवस कुरकुरला. नंतर एकदा न सांगता माझाही विसळून ठेवला.

आईबापहो, हा अंक तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वर्तमानपत्राबरोबर आला असेल. पहाटे दारात टप्प असा आवाज झाला असेल आणि तुम्ही कूस बदलली असेल. तो आणून टाकणारा कोणाचा तरी मुलगा आहे आणि बहुधा कुठल्यातरी चौथ्या बाकावर बसतो. त्याचे नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या पहाटे जरा लवकर उठा, दार उघडा आणि विचारा. फराळाचे ताट त्याच्या हातात द्याच. पण त्याआधी त्याचे नाव विचारा, आणि आपल्या मुलालाही शेजारी उभे करा.